चित्रकथेचा कर्ता कोण, मालक कोण?

जून १९३८ ही तारीख छापलेल्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या पहिल्या अंकाची किंमत १० सेंट होती. त्या अंकाची एक जपून ठेवलेली प्रत २०२४ साली लिलावात ६० लाख डॉलरला गेली. ‘सुपरमॅन’ हे पात्र वाचकांसमोर प्रथम आले ते याच अंकात. ती पहिली १३ पानी कथा लिहिणारे जेरी सीगल आणि चितारणारे जो शुस्टर या दोघा तरुणांना पानामागे १० डॉलर या दराने एकूण १३० डॉलर मिळाले होते आणि त्या रकमेच्या बदल्यात पात्रावरील सारे हक्क त्यांनी प्रकाशकाला कायमचे लिहून दिले होते. इतर कामाचे पैसे धरून ४१२ डॉलरच्या ज्या धनादेशाने हा मोबदला चुकता झाला, तो वटलेला धनादेशच २०१२ साली १ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला. व्यवहाराचा निव्वळ कागद मूळ मोबदल्याच्या हजारपटीहून अधिक मोलाचा ठरला!

या प्रकाराकडे दोन दुर्दैवी कलावंतांची करुण कहाणी म्हणून पाहण्याची प्रथा पडली आहे. तशी ती आहेही. परंतु तेवढ्यावर थांबले म्हणजे मूळ प्रश्न बाजूला राहतो. एखाद्या निर्मितीची खरी किंमत काय, हे ती विकली जाते त्या दिवशी घेणाऱ्याला ठाऊक नसते आणि देणाऱ्यालाही ठाऊक नसते. ती किंमत पुढे वीस, तीस, पन्नास वर्षांनी ठरते. असे असताना पहिल्याच दिवशी, आणि तेही विकणारा सर्वांत अगतिक असताना, झालेल्या सौद्याने पुढच्या सर्व काळाचा हिशेब कायमचा मिटवावा काय, हा तो प्रश्न आहे. अमेरिकेतील चित्रकथा-व्यवसायात गेल्या पाऊणशेहून अधिक वर्षांत झालेले खटले, तडजोडी आणि कायद्यातील फेरबदल या एकाच प्रश्नाभोवती फिरत आले आहेत.

पानावारीचा व्यवहार

सीगल आणि शुस्टर हे दोघेही १९१४ साली जन्मलेले, ज्यू स्थलांतरितांच्या कुटुंबांतील आणि ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात वाढलेले. सुपरमॅनची कल्पना त्यांनी विशीतच सिद्ध केली होती. पण वृत्तपत्रांना चित्रमालिका पुरविणाऱ्या संस्थांनी ती वर्षानुवर्षे नाकारली. त्या काळी प्रतिष्ठा व पैसा होता तो वृत्तपत्रीय चित्रमालिकांत. स्वतंत्र कॉमिक मासिके हा नवा, स्वस्त आणि काहीसा हिणकस मानला गेलेला धंदा होता. तेथे प्रकाशक मोजके होते आणि मंदीच्या दिवसांत काम शोधणारे होतकरू चित्रकार व लेखक उदंड होते. विकणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे अशा बाजारात भाव कोण ठरवितो, हे सांगायला अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

या बाजारातून जी पद्धत रूढ झाली ती पानावारी मोबदल्याची. पगार नाही, रजा नाही, निवृत्तिवेतन नाही, विमा नाही, आणि पुस्तकाच्या लेखकाला मिळते तशी विक्रीवरची रॉयल्टीही नाही. पान दिले की पैसे मिळाले आणि संबंध संपला. हक्क सोडून दिल्याचा मजकूर पुढे पुढे धनादेशाच्या पाठीवरच छापलेला असे. धनादेश वटवायचा तर त्याखाली सही करावीच लागे. घरभाडे थकलेल्या माणसाने अशी सही करण्यापूर्वी विधिज्ञाचा सल्ला घ्यावा, ही अपेक्षा कागदावरच शोभून दिसते.

सुपरमॅनच्या यशाची कल्पना यायला फार काळ लागला नाही. १९४७ साली दोघांनी प्रकाशकाविरुद्ध दावा लावला. १९४८ साली सुमारे ९४ हजार डॉलरवर तडजोड झाली. मात्र त्यानंतर त्यांची नावे मासिकातून नाहीशी झाली. १९६९ साली त्यांनी पुन्हा न्यायालयाची पायरी चढून पाहिली आणि १९७४ साली अपील न्यायालयातही ते हरले. पुढच्याच वर्षी सुपरमॅनवर भव्य चित्रपट निघणार असल्याचे जाहीर झाले, तेव्हा सीगल लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करीत होते आणि शुस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. सीगल यांनी वृत्तपत्रांना पाठविलेले संतप्त पत्र, तसेच नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी उठविलेला आवाज यांमुळे कंपनीची नाचक्की होऊ लागली. अखेर डिसेंबर १९७५ मध्ये दोघांनाही वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर, वैद्यकीय विमा आणि पात्राचे जनक म्हणून नामोल्लेख देण्याचे कंपनीने मान्य केले. १९७८ साली पडद्यावर आलेल्या त्या चित्रपटात काही मिनिटांच्या भूमिकेसाठी मार्लन ब्रँडो यांना सुमारे ३७ लाख डॉलर मिळाले होते. ज्यांनी ते पात्र निर्माण केले त्यांना मिळाली ती कायद्याने नव्हे, तर लोकलज्जेने दिलेली तनखा. लोकलज्जेवर अवलंबून राहणारा न्याय हा ज्याच्यासाठी आवाज उठतो त्यालाच मिळतो, हे यातील खरे वैगुण्य होय.

दुसरी संधी

अमेरिकेच्या कायदेमंडळाला ही विषमता दिसतच नव्हती असे म्हणता येणार नाही. १९०९ च्या कायद्याने स्वामित्वहक्काची मुदत २८ वर्षांची ठेवली होती आणि ती आणखी २८ वर्षांनी वाढविण्याची सोय केली होती. या दुसऱ्या मुदतीमागे एक शहाणपणाचा विचार होता. पहिल्या २८ वर्षांत निर्मितीची किंमत सिद्ध झालेली असेल. तेव्हा कर्त्याला, किंवा तो हयात नसल्यास त्याच्या कुटुंबाला, नव्याने सौदा करण्याची संधी मिळावी. पण १९४३ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, हा भावी हक्कही कर्त्याला आधीच विकता येतो. झाले! प्रत्येक करारात दुसऱ्या मुदतीचा हक्क लिहून घेण्याचे कलम आले आणि ती संधी व्यवहारात उरली नाही. सीगल-शुस्टर १९७४ साली हरले ते मुख्यतः याच कारणाने.

हा अनुभव लक्षात घेऊन १९७६ चा नवा कायदा झाला. मुदत लांबविताना त्याने कर्त्यांना जुनी हस्तांतरे रद्द करण्याचा हक्क दिला. १९७८ पूर्वीच्या हस्तांतरांच्या बाबतीत हा हक्क ५६ वर्षांनी आणि नंतरच्या हस्तांतरांच्या बाबतीत ३५ वर्षांनी बजावता येतो. महत्त्वाचे म्हणजे, उलट करार केला असला तरी हा हक्क नष्ट होत नाही, असेही त्यात लिहिले गेले. सीगल यांचे १९९६ साली निधन झाले. त्यांची पत्नी व कन्या यांनी या तरतुदीचा आधार घेऊन १९९७ साली नोटिसा बजावल्या. २००८ साली एका संघीय न्यायाधीशाने पहिल्या कथेतील सीगल यांचा हिस्सा कुटुंबाकडे परत गेल्याचा निर्णयही दिला. परंतु २०१३ साली अपील न्यायालयाने निराळा निष्कर्ष काढला. २००१ साली वाटाघाटींच्या ओघात कुटुंबाच्या वकिलाने पाठविलेले संमतिपत्र हाच बंधनकारक करार होय, असे त्याने ठरविले. शुस्टर यांच्या वारसांचा दावाही १९९२ साली त्यांच्या बहिणीशी झालेल्या करारापायी त्याच वर्षी फेटाळला गेला. दुसरी संधी कायद्याने दिली; ती वापरायला सहा दशके, वकिलांची फौज आणि अखंड चिकाटी लागली; आणि एवढे करूनही ती हातून निसटली.

‘मोलाचे काम’

१९७६ च्या कायद्याने एक दार उघडले तसे एक दार बंदही केले. जे काम ‘मोलाने करवून घेतलेले’ ठरते, त्यास हस्तांतर रद्द करण्याचा हक्क मुळी लागूच होत नाही. कारण अशा कामाचा कर्ता कायद्याच्या दृष्टीने ते करणारा माणूस नसतो. करवून घेणारी कंपनी असते. मालकीचे हस्तांतर झाले असे कायदा येथे म्हणत नाही. कंपनी पहिल्यापासूनच कर्ती होती असे तो म्हणतो. कारखान्यातील कामगाराने बनविलेले यंत्र कारखानदाराचे, हा नियम कथा आणि पात्रे यांना लावण्याचा हा प्रकार आहे. फरक इतकाच की, कामगाराला निदान पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि संघटनेचा आधार असतो.

या नियमाचा सर्वांत मोठा फटका बसला तो जॅक कर्बी यांना. १९४१ साली जो सायमन यांच्यासह ‘कॅप्टन अमेरिका’ निर्माण करणारे कर्बी १९६० नंतरच्या दशकात ‘मार्व्हल’ कंपनीसाठी काम करीत होते. ‘फँटॅस्टिक फोर’, ‘हल्क’, ‘थॉर’, ‘एक्स-मेन’ ही सारी पात्रे त्यांच्या व संपादक-लेखक स्टॅन ली यांच्या सहकार्यातून १९६१ ते १९६३ या अवघ्या तीन वर्षांत जन्मली. तेथील कामाची पद्धतही ध्यानात घेण्याजोगी होती. ली कथानक थोडक्यात सांगत. चित्रकार संपूर्ण कथेची मांडणी, प्रसंगांचा क्रम आणि पात्रांचे हावभाव पानांवर उभे करी. आणि मग त्या चित्रांना अनुसरून ली संवाद लिहीत. अशा कामात कथा कोणाची हे ठरविणे सोपे नाही. श्रेयनामावली मात्र सोपी होती: लेखक ली, चित्रकार कर्बी.

कर्बी स्वतःच्या घरी, स्वतःच्या कागद-पेन्सिलींनी काम करीत. १९८० नंतर मूळ चित्रे कलावंतांना परत करण्याची प्रथा सुरू झाली, तेव्हा कंपनीने इतरांहून कितीतरी अधिक अटींचा कागद त्यांच्यापुढे सहीसाठी ठेवला. बऱ्याच वादानंतर १९८७ साली १० हजारांहून अधिक पानांपैकी सुमारे २ हजार पाने त्यांच्या हाती आली. १९९४ साली ते वारले. डिस्ने कंपनीने मार्व्हल ४ अब्ज डॉलरला विकत घेण्याचे २००९ च्या ऑगस्टअखेर जाहीर केले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच कर्बी यांच्या मुलांनी हक्क परत मागणाऱ्या नोटिसा बजावल्या. २०११ साली आणि पुन्हा २०१३ साली न्यायालयांनी निकाल दिला तो कंपनीच्या बाजूने. काम कंपनीच्या सांगण्यावरून व तिच्या खर्चाने झाले, पानाचे पैसे ठरलेले असल्याने यशापयशाची जोखीम कंपनीची होती, म्हणून कर्ती कंपनीच, असा त्याचा आशय होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या विचारार्थ येण्याच्या तोंडावर, सप्टेंबर २०१४ मध्ये, दोन्ही पक्षांत तडजोड झाली आणि त्यानंतर कर्बी यांचे नाव जनक म्हणून ली यांच्या जोडीने छापले जाऊ लागले.

यात स्टॅन ली हेच काय ते लाभार्थी होते असेही समजू नये. चित्रपटांच्या नफ्यातील ठरलेला हिस्सा मिळत नाही म्हणून २००२ साली त्यांनाही कंपनीवर दावा लावावा लागला. तो २००५ साली १ कोटी डॉलरवर मिटला. ज्याचे नाव जगभर झाले त्यालाही मालकी नव्हती. नाव आणि मालकी या दोन गोष्टी एक नव्हेत, हे यावरून स्पष्ट व्हावे.

नावाची किंमत

त्या दोन गोष्टी एक नसल्या तरी परस्परांपासून तुटलेल्याही नाहीत. बिल फिंगर यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ‘बॅटमॅन’ १९३९ साली प्रकाशात आला तो चित्रकार बॉब केन यांच्या नावाने. केन यांनी कंपनीशी असा करार केला होता की, जनक म्हणून त्यांचे एकट्याचे नाव कायम छापले जावे. सीगल-शुस्टर यांना जे साधले नाही ते केन यांनी साधले. पण ते सहकाऱ्याच्या वाट्यासकट! पहिली कथा लिहिली होती फिंगर यांनी. कानटोपीसारखा मुखवटा, झूल, हातमोजे यांच्या सूचना त्यांच्या. ब्रूस वेन हे नाव आणि गॉथम हे नगरही त्यांचेच. १९६५ साली एका रसिकाने त्यांच्या वाट्याविषयी लिहिले, तेव्हा केन यांनी जाहीर पत्राने ते नाकारले. १९७४ साली फिंगर वारले ते जवळजवळ अज्ञात अवस्थेत. १९८९ च्या आत्मचरित्रात केन यांनी फिंगर यांना श्रेय मिळावयास हवे होते, अशी कबुली दिली. प्रत्यक्षात फिंगर यांचे नाव केन यांच्या नावासोबत झळकू लागले ते २०१५ सालच्या निर्णयानंतर. संशोधक मार्क टायलर नोबलमन आणि फिंगर यांची नात यांनी केलेल्या प्रयत्नांमुळे.

श्रेयाची मागणी ही अहंकाराची किंवा भावनेची बाब आहे, असे व्यवहारी मंडळी म्हणतात. अर्थशास्त्र तसे म्हणणार नाही. कलावंताजवळ दुसरे भांडवल नसते. त्याचे नाव हेच त्याचे भांडवल. आधीचे यश आपले आहे हे ज्याला दाखविता येते, त्याला पुढचा सौदा अधिक चांगल्या अटींवर करता येतो. ज्याचे नाव छापले गेले नाही, तो वीस वर्षे काम करूनही प्रत्येक वेळी नवखाच राहतो. नाव न छापण्याने प्रकाशकाचा जो फायदा होतो तो नेमका हाच: पात्र प्रसिद्ध होते, पण ते घडविणारा हात बदलता येण्याजोगा राहतो. श्रेय नाकारणे हा मोबदला कमी ठेवण्याचाच एक मार्ग आहे.

प्रकाशकाची बाजू

प्रकाशकाच्या बाजूने सांगण्यासारखे काही नाही, असे मात्र नाही. शंभर पात्रे बाजारात आणावी तेव्हा एखादे चालते. नव्व्याण्णव पात्रांचा तोटा त्या एकाने भरून काढायचा असतो. कागद, छपाई, वितरण, न विकलेल्या अंकांची परतफेड हा सारा भार कलावंताने उचललेला नसतो. शिवाय एखाद्या पात्राचे वैभव केवळ मूळ कल्पनेतून येत नाही. सुपरमॅनच्या कथेतील क्रिप्टोनाइट हा पदार्थ रेडिओवरील मालिकेतून आला. पुढच्या असंख्य लेखकांनी, चित्रकारांनी आणि नटांनी त्या पात्रात भर घातली. मग सगळे मूल्य पहिल्या दोघांचेच, असे कसे म्हणावे?

युक्तिवाद विचारार्ह आहे. पण तो जेवढे सिद्ध करतो तेवढेच घ्यावे. जोखीम पत्करणाऱ्याला नफा मिळावा, हे त्यातून निघते. सगळा नफा सर्वकाळ त्यालाच मिळावा, हे निघत नाही. प्रकाशकाची जोखीम शंभर पात्रांवर विभागलेली असते. कलावंताची मात्र एकाच मालावर पणाला लागलेली असते आणि तो माल म्हणजे त्याचे आयुष्य. सुपरमॅन नाकारला जात होता त्या वर्षांतील जोखीम कोणत्याही कंपनीने घेतलेली नव्हती. १९७४ च्या निकालातही अपील न्यायालयाने हे पात्र नोकरीच्या आधीच पूर्ण झालेले होते, म्हणून ते मोलाचे काम नव्हे, असे मान्य केले होते. इतरांनी पात्रात भर घातली हे खरे; परंतु ती भर घालणारेही बहुतेक पानावारीचेच धनी होते. त्यांच्या श्रमाचा दाखला मूळ कर्त्याविरुद्ध द्यायचा आणि त्यांनाही हिस्सा द्यायचा नाही, ही तर्कशुद्धता नव्हे.

स्पर्धेचा गुण आणि तिची मर्यादा

या परिस्थितीत थोडाफार पालट झाला तो बाजाराची रचना बदलल्यावर. १९७८ साली कलावंतांचा संघ उभा करण्याचा प्रयत्न फसला होता. त्यानंतर तीन-चार वर्षांत, केवळ चित्रकथा विकणाऱ्या दुकानांचे जाळे पसरल्यामुळे लहान प्रकाशकांना शिरकाव मिळाला. त्यांपैकी ‘पॅसिफिक’ने १९८१ साली कर्बी यांची नवी मालिका काढली ती हक्क कर्त्याकडे ठेवूनच. १९८१-८२ मध्ये दोन्ही बड्या कंपन्यांनी विक्रीवर रॉयल्टी सुरू केली. १९८४ साली केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांनी ‘निंजा टर्टल्स’ स्वतःच छापून काढले आणि मालकी हातची जाऊ दिली नाही. २००९ साली ते हक्क ६ कोटी डॉलरला विकले गेले. १९९२ साली सात नामवंत चित्रकारांनी मार्व्हल सोडून ‘इमेज’ ही संस्था काढली. तेथे निर्मितीची मालकी कर्त्याकडेच राहते. जे न्यायालयांत मिळाले नाही, त्यातले काही घेणारे वाढल्याबरोबर मिळू लागले.

तथापि स्पर्धेने सारे सुटते असेही नाही. अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या ‘वॉचमेन’ या १९८६-८७ मधील कथेच्या करारात, पुस्तक वर्षभर छपाईबाहेर राहिल्यास हक्क कर्त्यांकडे परत जातील, अशी अट होती. त्या काळी चित्रकथा काही महिन्यांत दुकानांतून नाहीशा होत. म्हणून अट उदार वाटली. परंतु ते पुस्तक इतके गाजले की ते कधी छपाईबाहेर गेलेच नाही! निर्मिती जितकी यशस्वी, तितकी ती कर्त्यापासून दूर, असा विपरीत परिणाम झाला. करार शब्दशः पाळला गेला आणि तरीही करार करताना दोघांच्या मनात जे होते ते घडले नाही. भविष्याचे अज्ञान हा येथील मूळ रोग असल्याने केवळ चांगला करार हा त्यावरचा पुरता उपाय ठरत नाही.

करारामागे पाहण्याचा हक्क

असमान पक्षांतील करार पवित्र मानून त्यांकडे डोळेझाक करू नये, हे तत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. १८७५ साली सुपे येथून सुरू झालेल्या शेतकऱ्यांच्या दंग्यांनंतर, १८७९ च्या दख्खन कायद्याने न्यायालयांना सावकाराच्या कागदामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली होती. अडलेल्याची सही म्हणजे खुशीची सही नव्हे, हे परकीय सरकारलाही तेव्हा मान्य करावे लागले. स्वामित्वहक्काच्या क्षेत्रात हेच तत्त्व जर्मनीने १९६५ पासून स्वीकारले आहे. ठरलेला मोबदला आणि प्रत्यक्ष उत्पन्न यांत मोठी तफावत पडल्यास कर्त्याला वाढीव हिस्सा मागता येतो. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानेही ही सोय सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक केली. या पद्धतीत मालकी हिरावून घेतली जात नाही, जुना सौदा मोडला जात नाही. अनपेक्षित लाभाची वाटणी तेवढी होते. प्रकाशकाचा तोटा झाला तर त्याला काहीच द्यावे लागत नाही. जोखमीच्या युक्तिवादाला याहून समर्पक उत्तर सुचविणे कठीण आहे.

भारताचा १९५७ चा कायदा या बाबतीत अमेरिकेहून काही अंशी पुढे आहे. हक्क विकले तरी कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार कलम ५७ अन्वये कर्त्याकडेच राहतो. अमेरिकेत चित्रकथांच्या कर्त्यांना अशी सरसकट तरतूद आजही नाही. नियतकालिकाच्या नोकरीत केलेल्या लेखन-चित्रांचे हक्क, उलट करार नसेल तर, नियतकालिकातील प्रसिद्धीपुरतेच मालकाचे असतात, बाकीचे कर्त्याचे. हस्तांतराच्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने, करार झाला तेव्हा अस्तित्वात नसलेल्या माध्यमाला तो लागू होणार नाही, त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असेल तरच होईल, असे ठरविले. त्याच दुरुस्तीने चित्रपटासाठी लिहिणाऱ्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा समान हिस्सा मिळवून दिला. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी केलेला आग्रह सर्वश्रुत आहे.

चित्रकथांच्या कर्त्यांसाठी तसा हिस्सा मात्र कोणी मागितला नाही. मुंबईत १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ मालेने लेखक आणि चित्रकार यांची नावे छापण्याचा पायंडा पाडला. राम वाईरकर, प्रताप मुळीक ही नावे एका पिढीच्या परिचयाची झाली ती त्यामुळेच. २००७ साली ही माला नव्या कंपनीच्या मालकीची झाली आणि तिच्यातील कथा अ‍ॅनिमेशनच्या व मोबाइलच्या पडद्यापर्यंत पोचल्या. छापील पानासाठी काढलेले चित्र असे नव्या माध्यमात फिरू लागते, तेव्हा त्याच्या कर्त्याला काय मिळावे, हा प्रश्न यापुढे येथेही वारंवार उपस्थित होणार. गीतकारांना जे तत्त्व लागू झाले ते चित्रकार आणि कथालेखक यांना लागू न करण्याचे सयुक्तिक कारण दिसत नाही. अनपेक्षित यशातील हिस्सा करारानेही सोडून देता येणार नाही, असे एकच कलम घातले तरी पुष्कळ कार्यभाग होईल. त्यासाठी मालकीचा सांगाडा मोडण्याची गरज नाही.

अमेरिकेच्या सध्याच्या कायद्याप्रमाणे सुपरमॅनच्या पहिल्या कथेचा स्वामित्वहक्क १ जानेवारी २०३४ रोजी संपेल. त्या दिवशी ती कथा ना कंपनीची राहील, ना वारसांची. ती कोणालाही छापता येईल. ९५ वर्षे ज्या मालकीसाठी भांडणे झाली तिचा अंत ठरलेला आहे. सीगल आणि शुस्टर यांची नावे मात्र त्यानंतरही त्या पात्राशी जोडलेली राहतील. ती त्यांना वयाच्या साठीनंतर, आणि तीही उपकार म्हणून, परत मिळाली. पुढच्या पिढीच्या कलावंताला आपले नाव आणि आपला हिस्सा पहिल्या पानापासूनच, उपकार म्हणून नव्हे तर हक्क म्हणून, मिळावा एवढी व्यवस्था करणे कोणत्याही कायदेमंडळाच्या आवाक्याबाहेरचे नाही.